अंकांतून अक्षरांकडे

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त अंक कळतात, हे वाक्य आपण वर्गात ऐकतो आणि विसरूनही जातो. परंतु मराठी मजकुराची जुनी फाईल उघडावी आणि पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसावी, म्हणजे त्याचा अर्थ नीट उमगतो. अशा फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतील बहुतेक बिघडलेल्या नव्हत्या. त्या चुकीच्या रीतीने वाचल्या जात होत्या.

फाईल म्हणजे बाइटांची माळ, आणि बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या. फाईल स्मृतीत घेतली की या संख्या जशाच्या तशा तेथे येऊन बसतात. कोणत्या संख्येला कोणते अक्षर मानायचे हे एक कोष्टक ठरविते. साध्या मजकुराच्या फाइलीत त्या कोष्टकाचे नाव सहसा लिहिलेले नसते. सारी गोम येथेच आहे.

आपल्या 'क'चेच उदाहरण घेऊ. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात 'क' म्हणजे १७९ हा एकच बाइट. कन्नड 'क'लाही हीच संख्या. लिपी कोणती ते वेगळ्या खुणेने सांगायचे. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठी 'क' तीन बाइटांचा होतो : २२४, १६४, १४९. कन्नड 'क' होतो २२४, १७८, १४९. फरक फक्त मधल्या बाइटाचा! हा योगायोग नव्हे. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. म्हणून दोन्ही लिप्यांतील समान अक्षरे आपापल्या विभागात त्याच क्रमाने बसली.

हेच तीन बाइट पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या विंडोज-१२५२ या कोष्टकाने वाचले, तर एका 'क'च्या जागी तीन चिन्हे दिसतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाची खूण आणि एक ठिपका. येथवर नुकसान काहीच नाही. योग्य कोष्टक लावा, मजकूर परत येतो.

खरा धोका पुढे आहे. मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनी वाचतात. समजा, तुकडा ४०९६ बाइटांचा आहे आणि त्यात सलग देवनागरी चिन्हेच आहेत. १३६५ चिन्हांत ४०९५ बाइट संपतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट या तुकड्यात येतो. प्रत्येक तुकड्याचे रूपांतर स्वतंत्रपणे केले, तर ते चिन्ह मधोमध तुटते आणि त्याजागी प्रश्नचिन्हाची खूण उमटते. या खुणेचे स्वतःचे बाइट असतात : २३९, १९१, १८९. अशी फाईल मूळ फाइलीवरच साठवली की जुने बाइट कायमचे गेले!

उपाय सोपा आहे. उरलेला बाइट पुढच्या तुकड्याच्या आरंभी जोडावा, किंवा स्मृती पुरेशी असल्यास सर्व फाईल घेऊन एकदाच रूपांतर करावे. आणि मूळ फाईल कधीही पुसू नये. कोष्टक आज सापडले नाही तर उद्या सापडेल. पण गेलेला बाइट कोणतेही कोष्टक परत आणू शकत नाही. मराठी असो वा कन्नड, आपले लेखन पुढच्या पिढीच्या हाती वाचता येण्याजोगे पडावे, असे वाटत असेल तर एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.