सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा कॅमेरा!

दोस्तांनो, माणूस निवृत्त होतो म्हणजे काय होतं? ऑफिसात हारतुरे, भाषणं, पेढे आणि दुसऱ्या दिवसापासून आरामखुर्ची! पण आपला नावाजलेला स्टुडिओ मुलाच्या हाती सोपवून झाल्यावर, वयाच्या ७७ व्या वर्षी कुणी दुसऱ्या शहरात जाऊन नवी पाटी लावली तर?

असा एक वल्ली फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचं नाव नादार. मराठीत नादार म्हणजे कफल्लक. आई-बाबांना विचारा, शाळेत गरीब मुलाची फी माफ झाली की त्याला 'नादारी मिळाली' असं म्हणत. गंमत म्हणजे या नादारच्या खिशातही बऱ्याचदा खडखडाटच असे. तरुणपणी कर्जापायी त्याने तुरुंगाची हवाही खाल्ली होती! खरं नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ. जन्म पॅरिसचा, १८२० सालचा. आधी तो व्यंगचित्रं काढायचा, मग कॅमेऱ्याकडे वळला.

न बोलणारा नट

त्या काळी पॅरिसमध्ये शार्ल देब्युरो नावाचा मूकनट होता. पांढरे ढगळ कपडे, पांढरा रंगवलेला चेहरा आणि तोंडातून एक शब्द नाही. त्याच्या या पात्राचं नाव पिएरो. १८५४-५५ च्या सुमारास नादार आणि त्याचा धाकटा भाऊ आद्रियाँ यांनी या पिएरोचे फोटो काढले. हसणारा पिएरो, चकित झालेला पिएरो, अगदी कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला फोटोग्राफर पिएरोसुद्धा!

हे काम सोपं नव्हतं बरं का! तेव्हा काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवायचा. काच वाळली की सगळी मेहनत फुकट. शिवाय फोटो निघायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ नटाने हलायचं नाही. म्हणजे हसायचं, पण हसू गोठवून ठेवायचं. करून पाहा, गाल दुखायला लागतात!

१८६४ च्या सुमारास नादारपुढे जेमतेम विशीतली एक नटी बसली. झगमगीत पोशाख नाही. अंगाभोवती नुसतं कापड लपेटलेलं, एका खांबाला टेकलेली. ती होती सारा बर्नार्ड. पुढे ती जगप्रसिद्ध झाली. तेव्हा मात्र तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन भावांचं भांडण

'नादार' हे नाव आद्रियाँही वापरू लागला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि १८५७ मध्ये थोरला जिंकला. तिथे त्याने मांडलेला मुद्दा फार मोलाचा आहे. फोटोग्राफीचा सिद्धांत तासाभरात शिकता येतो. पण प्रकाशाची जाण आणि समोरच्या माणसाचं मन ओळखणं कुणाला शिकवता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

या माणसाला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. १८५८ मध्ये त्याने बलूनमधून जमिनीचा फोटो घेतला. १८६३ मध्ये प्रचंड मोठं बलून बांधलं, त्यात पैसाही बुडाला आणि अपघातात हाडंही मोडली. भा. रा. भागवतांनी ज्या ज्यूल व्हर्नला मराठीत आणलं, तो त्याचा मित्र. व्हर्नच्या चांद्रसफरीतला धाडसी वीर मिशेल आर्दां आठवतोय? 'आर्दां'च्या फ्रेंच स्पेलिंगमधली अक्षरं उलटीसुलटी केली की 'नादार' तयार होतो!

पुन्हा श्रीगणेशा

पुढे पॅरिसचा स्टुडिओ मुलगा पॉल सांभाळू लागला. नाटकांतल्या कलावंतांचे फोटो काढण्यात त्यानेही नाव कमावलं. आता नादारआजोबांनी आराम करावा, असं कुणालाही वाटलं असतं. पण १८९७ मध्ये ते मार्सेय या बंदराच्या शहरी गेले आणि तिथे त्यांनी नवा स्टुडिओ उघडला. मुलाच्या हातातलं काम त्यांनी परत मागितलं नाही. स्वतःसाठी दुसरं उभं केलं. १९०० मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. १९०४ मध्ये ते पॅरिसला परतले आणि १९१० च्या मार्च महिन्यात, नव्वदीला थोडेच दिवस उरले असताना, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

हात थकतात, नजर मात्र सहजासहजी निवृत्त होत नाही. तुम्हीही ती कमवू शकता. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक असेल, तर रंगवलेल्या चेहऱ्याच्या मित्राला खिडकीशी बसवा. मागे साधी चादर लावा, फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. लगेच बटण दाबू नका. आधी त्याच्याशी चार शब्द बोला. राजाच्या मिशांमागचा तुमचा घाबरलेला मित्र दिसला, की मग काढा फोटो!