कामाचे नियोजन (लेखांक ६) : यादी आणि तारीख

कार्यक्षमता वाढविण्याच्या पद्धती सांगणाऱ्या ग्रंथांची संख्या आज प्रचंड असली, तरी त्या सर्वांच्या तळाशी दोनच साधने आढळतात : करावयाच्या कामांची यादी आणि ते काम ज्या दिवशी व्हायचे ती तारीख. डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'गेटिंग थिंग्ज डन' या ग्रंथात या दोहोंची काटेकोर फारकत केली आहे. जे काम अमुक दिवशीच झाले पाहिजे तेवढेच दिनदर्शिकेत लिहावे आणि बाकीची सर्व कामे यादीत ठेवावीत, असा त्यांचा दंडक आहे. कारण करू म्हणून लिहिलेली कामे दिनदर्शिकेत शिरली आणि रोज पुढे ढकलली जाऊ लागली, की खऱ्या तारखांकडेही दुर्लक्ष होऊ लागते. हा दंडक वाचायला सोपा वाटतो, परंतु बहुसंख्य वाचक यादीच्या पुढे जातच नाहीत. यादी कितीही वाढू शकते, दिवस वाढत नाही, आणि यादी करणाऱ्याला हा विरोध यादी करताना दिसत नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ज्याला नियोजनभ्रम म्हटले, म्हणजे पूर्वीचा अनुभव गाठीशी असूनही प्रत्येक नव्या कामाला कमीच वेळ लागेल असे धरून चालण्याची प्रवृत्ती, ती अशा यादीतच सुखाने वाढते.

तारीख हाच ज्या व्यवसायाचा कणा आहे, असा व्यवसाय पाहायचा असेल तर जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे त्याचे उत्तम उदाहरण ठरते. तमाशापंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या, म्हणजे फडमालकांची हंगामी कार्यालये, उभी राहतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे तेथे सुपारी द्यायला येतात. सुपारी म्हणजे अमुक रात्री अमुक गावी खेळ करण्याचा, इसार घेऊन पक्का केलेला करार. ग्रामदैवताची यात्रा तिथीवर ठरलेली असल्याने गावाला तारीख बदलता येत नाही, आणि फड एका रात्री एकाच गावी उभा राहू शकत असल्याने त्यालाही ती दोनदा विकता येत नाही. म्हणून बोलणी सुरू झाली की व्यवस्थापक आधी वही उघडतो. ती रात्र मोकळी असेल तरच पुढे रकमेची घासाघीस होते. चैत्र वद्य अष्टमीला, म्हणजे कालाष्टमीला, अनेक गावांच्या यात्रा एकदम येत असल्याने त्या रात्रीला मागणी मोठी असते आणि दरही चढा असतो. सगळे दिवस सारख्या मोलाचे नसतात ही गोष्ट नियोजनाच्या पुस्तकांतून क्वचितच इतक्या रोखठोकपणे सांगितली जाते.

या वहीचा आणखी एक गुण नोंदविण्यासारखा आहे. तंबू, रंगमंचाचे सामान, जनरेटर आणि कलावंत घेऊन फडाच्या गाड्यांना एका रात्रीचा खेळ आटोपून दुसऱ्या गावी वेळेवर पोहोचायचे असते, त्यामुळे लागोपाठच्या दोन सुपाऱ्या घेताना मधले अंतर हिशेबात धरावेच लागते. कॅल न्यूपोर्ट यांनी 'डीप वर्क' या २०१६ च्या पुस्तकात पुरस्कारलेली कालखंड-पद्धती, म्हणजे दिवसाचा प्रत्येक तुकडा आधीच एखाद्या कामाला नेमून देण्याची रीत, कचेरीत अनेकदा फसते ती नेमकी येथेच : दहा ते अकरा बैठक आणि अकरा ते बारा अहवाल असे लिहिणारा मनुष्य एका कामातून उठून दुसऱ्यात शिरायला लागणारा वेळ मांडतच नाही.

वेळ आणि स्थळ आधी ठरविल्याने काम होण्याची शक्यता वाढते, याला मानसशास्त्राचाही आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ठरावाला अंमलबजावणीचा संकल्प म्हटले आणि 'व्यायाम करीन' या इच्छेपासून 'सोमवारी सकाळी सात वाजता मैदानावर व्यायाम करीन' हा ठराव वेगळा काढला. पुढे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात, दिवस, वेळ आणि जागा लिहून देणाऱ्या गटातील ९१ टक्के विद्यार्थ्यांनी ठरल्याप्रमाणे व्यायाम केला, तर इतर दोन गटांत हे प्रमाण ३५ ते ३८ टक्क्यांवरच राहिले. जेम्स क्लियर यांच्या 'ॲटॉमिक हॅबिट्स'मुळे हा प्रयोग सर्वतोमुखी झाला. त्या ठरावात आणि सुपारीत फरक इतकाच, की सुपारीला समोर दुसरा पक्ष असतो आणि इसारही घेतलेला असतो. स्वतःशी केलेला करार मोडल्यास जाब विचारणारे कोणी नसते.

मात्र प्रत्येक तारीख विकून टाकणे म्हणजे उत्तम नियोजन, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) या थोर कलावतीने खेळ चालू असताना प्रसूत होऊन पुन्हा रंगमंचावर उभे राहिल्याची हकीकत तमाशाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ती निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ती निष्ठा निर्विवाद आहे. परंतु नियोजनाच्या दृष्टीने पाहता, एकाही रात्रीची सूट नसलेल्या व्यवस्थेने एका बाईकडून काय वसूल केले याचाही तो दाखला आहे. कार्यक्षमतेच्या साहित्याला अशा कथांचे फार आकर्षण असते आणि ते धोकादायक आहे.

नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेल्या या दुर्बिणीवर जगभरातील खगोलशास्त्रज्ञ वेळ मागतात, आणि ती मागणी उपलब्ध तासांहून जास्त असते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सत्रांसाठी आलेले प्रस्ताव तपासून एक समिती तासांचे वाटप करते. मात्र अचानक घडणाऱ्या खगोलीय घटनांसाठी संचालकांच्या अखत्यारीत काही वेळ देण्याची सोयही ठेवलेली असते. वेळेला इतकी मागणी असतानाही अनपेक्षितासाठी जागा ठेवणे ही चैन नाही, तो नियोजनाचा भाग आहे.

तारखेची मर्यादा मात्र त्याच परिसरातील टोमॅटोच्या शेतात दिसते. रोपे लावण्याचा दिवस शेतकरी ठरवतो, पण तोडणी सुरू झाल्यावर तोड्यांचे दिवस फळ ठरवते, पाणी देण्याची वेळ वीजपुरवठ्याची पाळी ठरवते, आणि नारायणगाव उपबाजारात वीस किलोच्या क्रेटला काय भाव मिळेल हे कोणालाच आधी कळत नाही. जुलै २०२३ मध्ये तो दोन हजार रुपयांच्या पुढे गेला होता, आणि रस्त्यावर माल ओतावा लागल्याचे हंगामही याच पिकाने पाहिले आहेत. अशा माणसाला तासातासाचे वेळापत्रक देणे ही थट्टा होय. त्याला ॲलन यांच्याच पद्धतीतील दुसरा भाग अधिक उपयोगी पडतो, तो म्हणजे परिस्थितीनुसार लावलेली यादी : वीज आल्यावर करायची कामे, मजूर आल्यावर करायची कामे, नारायणगावला गेल्यावर उरकायची कामे. तारीख हातात नसली तरी अट माहीत असते, आणि अट पुरी होताच काय करायचे हे आधीच लिहिलेले असल्याने ऐनवेळी आठवत बसावे लागत नाही.

पुढील लेखांकात फ्रान्सेस्को चिरिलो यांच्या पंचवीस मिनिटांच्या पद्धतीचा विचार केला जाईल; तिचे नाव स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून पडले आहे, आणि नारायणगावकरांना त्यातील निदान फळ तरी परिचयाचे असेल. तोवर वाचकांनी आपली सध्याची यादी घेऊन प्रत्येक कामापुढे तारीख किंवा अट यांपैकी एक काहीतरी लिहावे, आणि ज्या कामापुढे दोन्हींपैकी काहीच लिहिता येत नसेल ते खोडून टाकावे.