फ्लोराईडचं पाणी : वस्तीवर सांगायचं कसं?

परिसर अभ्यासात पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती आपण दरवर्षी शिकवतो. गाळा, उकळा, तुरटी फिरवा. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत एवढं सांगून भागत नाही. तिथं बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं. ते खडकातून विरघळून येतं. पाणी दिसायला नितळ, वास नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड मात्र जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण थोडं वाढतंच.

भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे सांधे आणि पाठ आखडते. पक्के दात हिरडीत तयार होत असतात तेव्हाच हे डाग पडतात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत. अंगणवाडीपासून तिसरीपर्यंतची आपलीच मुलं ही!

आता खरी अडचण. हातपंपाशेजारी ‘फ्लोराईडचे प्रमाण विहित मर्यादेपेक्षा अधिक’ अशी पाटी लावली म्हणजे माहिती दिली असं होत नाही. पाणी भरणाऱ्या बाईला वाचता येत नसेल, किंवा घरात कोलामी-गोंडी बोलली जात असेल, तर त्या पाटीचा उपयोग काय? बांगलादेशात आर्सेनिकवाल्या नळकूपांना लाल आणि सुरक्षित नळकूपांना हिरवा रंग दिला होता. ही खूण सोपी आहे. पण नुसता लाल रंग पाहून बाई विचारणारच, ‘मग पाणी आणू कुठून?’ दुसरं पाणी दाखवल्याशिवाय धोका सांगणं म्हणजे नुसती भीती घालणं.

म्हणून सांगताना फरक करून सांगावं. हे पाणी अंघोळीला, धुण्याभांड्याला, गुरांचा गोठा धुवायला चालतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला नको, कारण भात-वरणात ते शिजून पोटातच जातं. म्हणजे रोज लागणाऱ्या चांगल्या पाण्याचे हंडे कमी होतात, आणि तेवढे लांबून आणणं जमू शकतं. उथळ विहिरीत बहुधा फ्लोराईड कमी असतं, पण तेही तपासूनच घ्यावं. आणि विहिरीच्या पाण्याला उकळणं लागतंच! एकाच घरात ‘उकळा’ आणि ‘उकळून उपयोग नाही’ असे दोन निरोप जातात, तिथं गोंधळ होतो. कोणत्या पाण्याबद्दल बोलतोय ते बोट दाखवून सांगावं.

आणखी एक नाजूक गोष्ट. असे दात दिसले की ‘घासत नाही’, ‘खर्रा खातो’ असं पटकन बोललं जातं. पोरगं मग तोंडावर हात ठेवून हसतं. मुलीच्या घरचे तर लग्नाच्या काळजीने हा विषयच काढू देत नाहीत. पालकसभेत कुणाच्या मुलाचे दात उदाहरण म्हणून दाखवू नयेत. ‘दोष पाण्याचा आहे, तुमचा नाही’ हे पहिलं वाक्य असावं.

ग्रामसभेत बहुतेक पुरुष बसतात, पाणी बाया भरतात. तेव्हा आशाताईंना सोबत घेऊन पंपावरच बोललेलं बरं, शक्यतो सकाळच्या गर्दीत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. पाण्यात द्रावण टाकायचं, आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. वस्तीतल्याच बाईने सगळ्यांसमोर दोन पंपांचं पाणी असं तपासलं, तर त्यावर आपल्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त चर्चा होते.