एका प्रेमपटाचा हजेरीपट

गिरणीच्या दारावर भाषणे करण्यात आमची हयात गेली. तेव्हा सिनेमातल्या प्रेमकथेशी आमचा काय संबंध, असे श्रोत्यांस वाटेल. पण चित्रपट तयार होतो तो कारखान्यातच. तेथेही रोजंदारी असते, खाडे असतात, मुकादम असतो. ‘गॉन विथ द विंड’ हा बोलपट आम्ही त्या नजरेने पाहतो.

मार्गारेट मिचेलबाईंची कादंबरी १९३६ साली निघाली आणि त्याच वर्षी निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने ५०,००० डॉलर मोजून तिचे हक्क घेतले. अमेरिकेतील यादवी युद्ध, दक्षिणेकडील मळेवाल्यांचा पाडाव आणि त्या धुमश्चक्रीत स्कार्लेट व ऱ्हेट बटलर यांची प्रीती, असे कथानक. अटलांटा शहर जळते तो प्रसंग १० डिसेंबर १९३८ च्या रात्री घेतला, तेव्हा नायिकाच ठरली नव्हती! आवारातले जुने सेट पेटवून दिले आणि गाडीत बदली माणसे बसविली. त्याच रात्री व्हिवियन ली सेल्झनिकपुढे आली व पुढे स्कार्लेट झाली.

आता मजुरीचे पाहू. लीबाईंनी सुमारे १२५ दिवस काम केले, मिळाले २५,००० डॉलरच्या आसपास. क्लार्क गेबलचे दिवस ७१ आणि रक्कम १,२०,००० च्या घरात. आमच्या विडीकामगार भगिनींना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

रेल्वेस्टेशनासमोर जखमी सैनिकांचा सडा पडला आहे आणि स्कार्लेट त्यांतून वाट काढते, हे दृश्य पुष्कळांना आठवत असेल. कॅमेरा बंदरावर असते तसल्या यारीवरून वर वर जातो. खाली जिवंत माणसे होती सुमारे ८००; जवळजवळ तितकेच बाहुले त्यांच्यात मिसळून ठेवले होते. बाहुल्याला भूक नाही, पगारवाढ नाही. शेजारचा माणूस हळूच त्याचा हात हलवी, म्हणजे तोही कण्हतो आहे असे वाटे.

पण याच कारखान्यात बाहुले न झालेली माणसेही होती. गुलामांच्या मालकांबद्दल हळहळणाऱ्या या चित्रपटाच्या सेटवर शौचालयांना गोऱ्यांची आणि काळ्यांची अशा वेगळ्या पाट्या होत्या. कृष्णवर्णीय एक्स्ट्रांपैकी एक तरुण ही तक्रार घेऊन थेट गेबलकडे गेला. पाट्या उतरल्याशिवाय ऱ्हेट बटलर कामावर येणार नाही, असे गेबलने दिग्दर्शकाला ठणकावले. पाट्या उतरल्या. लोक गेबलचे कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण एका दिवसाच्या मजुरीवर आलेल्या पोराने एवढ्या मोठ्या नटाचे दार ठोठावले, त्याला केवढी छाती लागली असेल! उद्या हजेरीपटावरून नाव कमी होण्याचे भय काय असते, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

दाईची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएलबाईंना १५ डिसेंबर १९३९ च्या अटलांटातील पहिल्या खेळाला जाता आले नाही; जॉर्जिया राज्याचा वर्णभेदाचा कायदा आड आला. २९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना ऑस्कर मिळाले. कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेले ते पहिलेच. त्या समारंभातही त्यांना बसविले ते सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीकडच्या मेजावर. कारण ज्या हॉटेलात समारंभ होता तेथे कृष्णवर्णीयांना एरवी प्रवेशच नव्हता. १९५२ साली बाई वारल्या. हॉलिवुडच्या दफनभूमीत विसावा मिळावा ही त्यांची इच्छा होती, पण ती भूमी गोऱ्यांसाठी राखीव होती. त्यांच्या नावाचे स्मारक तेथे उभे राहिले ते १९९९ साली.