मोटारीची उंची कमी करताना

शर्यतीची मोटार जमिनीला लगटून धावते. गुरुत्वमध्य जितका खाली, तितका वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर कमी सरकतो. हे पाहून साध्या गाडीचीही उंची कमी करण्याची हौस पुष्कळांना येते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकणे! यात काय बिघडते ते आकडे मांडूनच पाहू.

बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० साली इंग्लंडमधील फोर्डच्या कॉन्सल गाडीत आली; आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० मध्येही ती होती. तेल भरलेली नळी, तिच्यात वरखाली सरकणारा दट्ट्या आणि भोवती स्प्रिंग. स्प्रिंग भार पेलते. तेल बारीक छिद्रांतून जाताना हेलकावे शमवते.

समजा, एका स्ट्रटवर २५०० न्यूटन भार आहे. स्प्रिंग ४०० मि.मी. लांब, १० वेढ्यांची. ती १ मि.मी. दाबायला २० न्यूटन बल लागते. म्हणजे भाराखाली ती १२५ मि.मी. दबून २७५ उरेल. दट्ट्याला आत जायला ८० मि.मी. आणि बाहेर यायला ७० मि.मी. जागा आहे असे धरू.

आता दोन वेढे कापा. लांबी उरली ३२० मि.मी. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते. आता १ मि.मी. ला २५ न्यूटन लागतील. म्हणून ती १०० मि.मी. दबून २२० वर थांबेल. गाडी ५५ मि.मी. खाली आली!

पण दट्ट्याही तेवढाच आत गेला. ८० पैकी उरले फक्त २५ मि.मी. स्प्रिंगने पचवलेली ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ½kx² या सूत्राने पूर्वी ६४ ज्यूल ऊर्जा पचत होती. आता जेमतेम ८! उरलेला धक्का रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि गाडीच्या सांगाड्यात, पर्यायाने तुमच्या मणक्यांत जातो. उलट चाक खड्ड्यात लोंबले, तर स्ट्रट ३४५ मि.मी. पर्यंत उघडतो आणि ३२० ची स्प्रिंग २५ मि.मी. सैल पडते. ती बैठकीतून निसटूही शकते.

म्हणून जाणकार कारागीर स्प्रिंगबरोबर स्ट्रटही बदलतात. तेल काढून नळी ५५ मि.मी. ने आखूड करून वेल्डिंग करतात व आत तितकाच आखूड शॉक ॲब्सॉर्बर बसवतात. दट्ट्याला पुन्हा ८० मि.मी. जागा मिळते. हे काम घरच्या अंगणात करण्याजोगे नव्हे. चाक उभे धरून ठेवणारा खांबही हाच स्ट्रट असतो. जोड तडकला तर चाकाचा आधारच जातो.

एवढ्यानेही भागत नाही. गाडी खाली आली की चाकाकडे जाणारा खालचा दांडा तिरपा होतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोहोंतले अंतर म्हणजेच कलवणाऱ्या बलाची तरफ, ती लांबते. त्यामुळे बुटकी केलेली गाडी कधी कधी पूर्वीपेक्षा जास्त कलू पाहते! यावर उपाय म्हणून स्ट्रटच्या तळाशी धातूची जाड चकती घालून तो दांडा पुन्हा आडवा करतात.