भिंत पांढरी का दिसते?

घराला चुन्याची सफेदी करताना तुम्ही कधी शेजारी उभे राहून पाहिले आहे काय? रंगारी बादलीतल्या चुन्यात कुंचा बुडवतो आणि भिंतीवरून सपासप फिरवतो. पण भिंत पांढरी होण्याऐवजी आधीपेक्षाही मळकट दिसू लागते. जुने डाग, पेन्सिलीच्या रेघा, सारे उघडे पडते. मग घरातले कोणीतरी हटकून म्हणते, "चुना पातळ झालाय, अजून घाला." रंगारी मात्र शांतपणे उत्तर देतो, "वाळू द्या, काका." आणि खरेच, वाळल्यावर तीच भिंत पांढरीशुभ्र होते!

भिंत वाळली म्हणजे तिच्यातले पाणी गेले. मग पाणी गेल्याने पांढरेपणा कोठून आला? चुन्याचा एक एक कण सुटा पाहिला तर तो काचेच्या बारीक तुकड्यासारखा पारदर्शकच असतो. प्रकाश हवेतून अशा कणात शिरताना आणि बाहेर पडताना वळतो, त्याचा थोडा भाग परत फिरतो. असे हजारो कण एकावर एक असले की प्रकाश त्यांच्यात ठेचकाळत राहतो आणि सर्व रंगांसह परत बाहेर येतो. यालाच आपण पांढरे म्हणतो. आता, प्रकाश किती परत फिरणार हे दोन पदार्थांच्या वक्रीभवनांकांत किती फरक आहे यावर ठरते. हवेचा वक्रीभवनांक 1, पाण्याचा 1.33 आणि चुन्याच्या कणांचा 1.6 च्या आसपास. कणांमधल्या फटींत पाणी असेल तर फरक थोडा, म्हणून प्रकाश आरपार जातो आणि खालचे डाग दिसतात. पाण्याची जागा हवेने घेतली की फरक वाढतो व भिंत पांढरी होते.

वाळल्यावरही चुन्याचे काम संपत नाही. भट्टीत चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजली की 100 ग्रॅममधून 44 ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि 56 ग्रॅम चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी टाकले की ती फसफसून विरते. (एवढी उष्णता निघते की पाणी उकळू लागते. त्या वेळी जवळ वाकून पाहू नका, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.) हा विरलेला चुना भिंतीवर बसला की हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी बनते. ही क्रिया ओलाव्याशिवाय होत नाही. म्हणून भर उन्हात झटपट वाळलेली सफेदी हाताला लागते, आणि जाणता रंगारी भिंतीवर आधी पाणी मारून घेतो.

आता एक प्रयोग करा. खडूची बारीक पूड घ्या. तिचा एक भाग पाण्यात कालवा, दुसरा गोड्या तेलात. दोन्ही काळ्या पाटीवर पातळसर फासा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पाण्यातला पट्टा पांढरा झालेला असेल, तेलातला मात्र राखट आणि अर्धपारदर्शक! तेलाचा वक्रीभवनांक 1.5 च्या जवळ असतो, आणि ते पाण्यासारखे उडूनही जात नाही. म्हणजे चुना किंवा खडू वापरून पांढरा तैलरंग करता येत नाही. तेलात कालवलेल्या खडूचा उपयोग होतो तो लांबी म्हणून, खाचा भरायला.

मग दारे-खिडक्यांना पांढरा तैलरंग हवा असेल तर काय करायचे? जुन्या काळी त्याला एक चांगले उत्तर सापडले होते: शिशाचा सफेता. त्याचा वक्रीभवनांक 2 च्या आसपास, त्यामुळे तो तेलातही पांढरा राहतो. शेकडो वर्षे माणसाने तोच वापरला. पण शिसे हे विष आहे.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही मुले विचित्र आजाराने डॉक्टरांकडे येऊ लागली. कोणाच्या पोटात कळा, कोणाचे हातपाय लुळे, कोणाची दृष्टी जात चाललेली. लक्षणे शिशाच्या विषबाधेची, पण शिसे येते कोठून हे कळेना. लॉकहार्ट गिब्सन हे नेत्रवैद्य या शोधात होते. 1904 साली त्यांनी निदान मांडले की हे विष मुलांच्या घरातच आहे. व्हरांड्याचे कठडे शिशाच्या रंगाने रंगवलेले होते. उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, खेळताना ती मुलांच्या हाताला लागे आणि बोटे तोंडात घातली की पोटात जाई. हे सर्वांना पटायला फार वर्षे लागली. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी तो रंग वापरण्यास तेथे 1922 साली बंदी झाली. म्हणजे मधली अठरा वर्षे कठडे तसेच राहिले!

विसाव्या शतकात टायटेनियम डाय-ऑक्साइड हाती आला. त्याच्या एका प्रकाराचा वक्रीभवनांक 2.7 आहे, हिऱ्याच्या 2.42 पेक्षाही जास्त. तो विषारी शिशासारखा घातक नाही, आणि थोडाच वापरला तरी खालचे डाग झाकतो. आज रंगाच्या डब्यातला पांढरेपणा मुख्यतः त्याचाच. तरीही पिवळ्या, नारिंगी, लाल छटांसाठी आणि रंग लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगे वापरली जात राहिली. भारतात घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम 2016 साली झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला.

म्हणून तुमच्या घरी त्याआधीचा तैलरंग असेल आणि तो खरवडायचे घाटत असेल, तर वडीलधाऱ्यांना थांबवून एवढे सांगाच. कोरडा पॉलिश-कागद घासू नका, ज्योतीने रंग जाळू नका. पाणी मारून ओला ठेवूनच खरवडा. लहान भावंडांना आणि गरोदर बायकांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि धूळ केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्या. रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे निघत नसतील, तर खरवडण्याच्या भानगडीत न पडता त्यावरच नवा हात द्यावा. शिसे थोडेथोडे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. त्याचे अमुक प्रमाण निर्धोक, असे सांगता येत नाही.

भिंतीचा रंग निवडण्याबद्दलही थोडे सांगतो. ओल येणाऱ्या भिंतीला तैलरंग देऊ नये. चुन्याच्या थरातून बाष्प बाहेर पडते, तैलरंग ती वाट बंद करतो आणि मग फोड येतात. शिवाय ओल्या गिलाव्यातला अल्कली तेलाचा चक्क साबण करून टाकतो!

आणि दुकानातल्या छटांच्या कार्डावर विश्वास ठेवू नका. मी एकदा त्यावरून अगदी फिकट गुलाबी रंग निवडला, तर खोली पिकल्या लाल पेरूच्या गरासारखी दिसू लागली! यात रंगाऱ्याची चूक नव्हती. समजा, तो रंग लाल प्रकाशाचा 90 टक्के आणि हिरव्या-निळ्याचा 70 टक्के भाग परत फेकतो. कार्डावरून प्रकाश एकदाच परततो, म्हणून प्रमाण 90 ला 70. पण खोलीत तो एका भिंतीवरून दुसरीवर जातो. दोनदा आपटल्यावर लाल 81 उरतो, दुसरे 49. तिसऱ्यांदा 73 आणि 34, म्हणजे लाल दुपटीहून अधिक! म्हणून मनात असेल त्यापेक्षा फिकट छटा घ्यावी. खात्री करायची असेल तर एखादा लहान खोका घ्या, त्याच्या आतल्या सर्व बाजूंना तो रंग द्या, वर एक भोक पाडून आत डोकावा. मग कार्ड शेजारी धरून पाहा.