रोगप्रतिकारशक्ती आणि आपले ताट

क्षयरोगाचा जंतू शरीरात शिरलेल्या प्रत्येकाला क्षय होत नाही. बहुतेकांच्या शरीरात तो पांढऱ्या पेशींच्या पहाऱ्यात निद्रिस्त पडून राहतो. शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार जडतो. हा पहारा ढिला पडण्याचे भारतातील एक प्रमुख कारण म्हणजे अपुरे पोषण.

झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हे स्पष्ट केले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाच्या २,८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ व्यक्तींवर लक्ष ठेवले. यांतील जवळजवळ दोन तृतीयांश लोक संथाळ, हो, मुंडा यांसारख्या आदिवासी समाजांतील होते. शिधा सर्वच रुग्णांना मिळत होता. निम्म्या गावांत मात्र घरातील इतर प्रौढांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे क्षयाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. नवी लस नव्हे, महागडे औषधही नव्हे, साधा डाळभात!

यामागील कारण शरीराच्या रचनेतच आहे. जंतूंना ओळखून त्यांना जखडणारी प्रतिपिंडे ही प्रथिनेच असतात. संसर्ग होताच लढाऊ पेशींची संख्या झपाट्याने वाढवावी लागते आणि त्यासाठी प्रथिने व ऊर्जा दोन्ही हवीत. कुपोषित बालकाची छातीतील थायमस ग्रंथी, जेथे या पेशींचे एक प्रकारे प्रशिक्षण होते, अक्षरशः आक्रसते. म्हणूनच अशा बालकाला साधा अतिसारही जड जातो.

प्रथिनांबरोबर सूक्ष्म घटकांचेही महत्त्व आहे. ‘अ’ जीवनसत्त्व श्वासमार्गाचे व आतड्याचे अस्तर निरोगी राखते. गाजर, पपई, आंबा आणि हिरव्या पालेभाज्यांतून ते मिळते. जस्त कडधान्यांत असते, परंतु त्यांतील फायटेट नावाचे द्रव्य ते शरीरात शोषले जाऊ देत नाही. कडधान्यांना मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने हा अडथळा कमी होतो. मटकीची उसळ, इडली, ढोकळा या पदार्थांमागे आपल्या स्वयंपाकघरांचे पिढ्यानपिढ्यांचे शहाणपण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२०२० मधील कोरोनाच्या साथीनंतर ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून चूर्णे, काढे आणि गोळ्या यांचा सुळसुळाट झाला. प्रतिकारशक्ती ही काही दिव्याची वात नव्हे, की हवी तेवढी वर सारावी. ती अवाजवी भडकली तर दमा, अ‍ॅलर्जी किंवा शरीराने स्वतःच्याच सांध्यांवर उलटणे असे विकार उद्भवतात. रोज ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, तिचा कालावधी किंचित घटतो एवढेच. त्यापेक्षा एक पेरू किंवा आवळा बरा, आणि स्वस्तही. मात्र खरोखरच एखाद्या घटकाची कमतरता असेल तर वैद्यकीय सल्ल्याने औषध घ्यावे.

आता व्यायामाविषयी. भरभर चालताना रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या वाढते आणि त्या शरीरभर फिरून पुन्हा आपापल्या जागी परततात. ही गस्त नियमित घातली जावी, हाच हेतू. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. दिवसभर शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यास वेगळ्या व्यायामाची फारशी गरज नसते. त्याला गरज असते पुरेशा अन्नाची आणि विश्रांतीची. अंगात ताप असताना व्यायाम करू नये.

क्षयरुग्णांसाठी केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून अमलात आहे. तीत उपचारकाळात दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य करून घेता येते.